होळीपासून लागू

आधीच सांगून टाकतो, आमदार असताना मी एकाही पुलाची फीत कापली नाही. संपादकांचं पत्र आलं, "आपल्या कारकिर्दीतील ठळक कामांविषयी लिहावे." ठळक कामं हवी असतील तर ज्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या आहेत त्यांच्याकडे जावं. माझं सगळं काम तोंडी. विधानसभेत कुठलं विधेयक आलंय, कुठलं अडलंय, कुठलं पास झालंय, हे अधिवेशन संपलं की गावोगाव फिरून लोकांना सांगायचं. असल्या कामाची पाटी लागत नाही. पण याच कामापायी मला एकदा भर बाजारात प्रांतसाहेबांसमोर उभं राहावं लागलं, याच कामापायी माझं तिकीट गेलं, आणि ऐंशी वर्षांचा झालो तरी मला त्याची लाज वाटत नाही. ज्यांना वाटावीशी वाटते त्यांनी वाटून घ्यावी.

मी मूळचा शाळामास्तर, नवापूरकडच्या डोंगरातला, भिल्लाच्या घरचा. पहिल्यांदा निवडून गेलो तेव्हा राज्य मुंबईचं होतं आणि आमचा जिल्हा पश्चिम खानदेश. आता जिल्ह्याचं नाव बदललं, राज्याचं बदललं, माझे दात गेले. लोकांनी मला मास्तर म्हणायचं मात्र सोडलं नाही. डोंगरात आजही कुणी मला आमदारसाहेब म्हणत नाही, आणि 'तुम्ही' तर कुणीच म्हणत नाही. आमच्या बोलीत देवालाही तू म्हणतात, मग आमदाराची काय कथा.

सुरुवातीला मी चार पानी पत्रक छापून घ्यायचो. वर ठसठशीत अक्षरात 'चालू अधिवेशनातील विधेयके'. रनाळ्यात ते चावडीवर मोठ्याने वाचलं जायचं. लोणखेड्यात एक वयस्कर गुजर शेतकरी होते, ते लाल पेन्सिल घेऊन बसायचे आणि माझ्या पत्रकातल्या चुका काढायचे. एकदा त्यांनी दाखवून दिलं की एका विधेयकाच्या चौथ्या कलमाचा नवव्या कलमाशी मेळच बसत नाही. मी तो मुद्दा जसाच्या तसा सभागृहात मांडला. मंत्र्यांनी माझ्या अभ्यासाचं कौतुक केलं. ते कौतुक मी एका पोस्टकार्डावर लिहून लोणखेड्याला पाठवून दिलं, कारण माल त्यांचा होता.

डोंगरात मात्र माझ्या पत्रकात मिरच्या बांधल्या जायच्या. मला राग आला नाही. वाचता येत नसेल तर कागदाचा दुसरा उपयोग करायचा, यात गैर काय? मग डोंगरात पत्रक बंद केलं आणि बाजाराच्या दिवशी चिंचेखाली उभं राहून बोलायला सुरुवात केली.

या कामात एक गोष्ट लवकर कळते. विधेयक कितीही मोठं असो, ऐकणाऱ्याचा प्रश्न एकच असतो. जमिनीच्या कमाल मर्यादेचं विधेयक आलं तेव्हा रनाळ्याला मी अर्धा तास घसा कोरडा केला. शेवटी पुढे बसलेले एक आप्पा म्हणाले, "मास्तर, हाई कायदा कोनाकरता शे, तेवढंच सांगा. मन्हाकरता व्हई तर मी बठस. शेजारनाकरता व्हई तर च्या पिईसन घर जास." ते बसून राहिले, यावरून त्यांच्या जमिनीचा अंदाज सगळ्या गावाला आला.

दुसरी अडचण अशी की कायदा कसा होतो हे शहरातल्या शिकलेल्यांनाही ठाऊक नसतं. विधेयक मांडलं की पेपरात बातमी येते आणि लोक म्हणतात, कायदा आला. कुठचा आला! मी डोंगरात ते लग्नावरून समजावून सांगायचो. विधेयक मांडणं म्हणजे मुलीला मागणी घालणं. मग ते चिकित्सा समितीकडे जातं, म्हणजे दोन्हीकडचे पंच बसतात आणि मुलीच्या बापाला किती देज द्यायचं यावर घासाघीस करतात. मग सभागृहात एकेक कलम घेऊन चर्चा, म्हणजे नातेवाइकांचे रुसवेफुगवे. मग वरचं सभागृह, म्हणजे मुलीचा मामा. त्याला विचारलं नाही तर तो मांडवात येऊन बसत नाही. राज्यपालांची सही म्हणजे हळद. आणि राजपत्रात छापून आलं, की नवरी घरात आली. त्याच्या आधी कुणी 'माझी बायको' म्हणायचं नाही. हे ऐकून बाया हसायच्या आणि नंतर कधीही भेटल्या की विचारायच्या, "त्या विधेयकाला हळद लागली का रे?"

आता ढोलाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्याकडे गावात काही ठरवायचं असलं की पंच बसतात. जो तो बोलतो. जोवर बोलणं चाललंय तोवर ते नुसतं बोलणं, कुणी कुणाला बांधील नाही. सगळ्यांचं बोलून झालं, एकमत झालं, की ढोल्या ढोल वाजवतो. ढोल वाजला की ठरलं. त्या क्षणापासून ते लागू, आणि मोडायचं असेल तर ज्याने ठरवलं त्यानेच त्याच जागी परत पंच बोलावून, बोलून, पुन्हा ढोल वाजवायचा. म्हणून लोक जमवण्यासाठी मी ढोल वाजवून घ्यायचो तो नेहमी बोलण्याच्या आधी. नंतर कधीच नाही. दित्यादादा म्हणून आमचा ढोल्या होता, सागाच्या खोडासारखा ताठ माणूस. मी बोलायला उभा राहिलो की तो टिपऱ्या कमरेला खोचून ठेवायचा.

दारूबंदीच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा मी एका पाड्यावर ती इमानेइतबारे समजावून सांगितली. लोकांनी मान डोलावत ऐकलं. मग चांगली बैठक झाली म्हणून रिवाजाप्रमाणे मोहाची आणून माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, अरे, आत्ताच काय सांगितलं? तर पाड्याचा कारभारी शांतपणे म्हणाला, "ढोल कुठे वाजलाय?" आता मी ती घेतली की नाही, हे अजूनही सांगणार नाही. तो कायदा सरकारी पुस्तकात होता, पण आमच्या पाड्यावर त्याला ढोल नव्हता.

आता ते सागाच्या झाडांचं विधेयक.

जंगलातला साग सरकारचा. पण आदिवासीच्या स्वतःच्या शेतात, बांधावर उभा असलेला साग त्याच्या मालकीचा. ही झाडं ठेकेदार विकत घ्यायचे. घ्यायचे म्हणजे कसे, तर पाड्यावर जायचे, दोन झाडांची बोली करायचे, कागदावर अंगठा घ्यायचे, आणि कागदात लिहिलेलं असायचं 'सदर शेतातील सर्व झाडे'. ज्याचा अंगठा त्याला वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतं तो ठेकेदाराच्या गाडीतून आलेला. शेत बोडकं झाल्यावर माणसाला कळायचं की आपण काय विकलं. नवापूर स्टेशनाजवळच्या वखारींत त्या लाकडांचे ढीग लागलेले असत. मी शाळेत जायचो तेव्हाही ते पाहिले आणि आमदार होऊनही पाहत होतो.

त्यावर अखेर विधेयक आलं. आदिवासीच्या शेतातलं झाड ठेकेदाराने परस्पर घ्यायचं नाही. सरकारी माणसाने झाड मोजायचं, किंमत ठरवायची आणि विक्री सरकारमार्फत व्हायची. त्यासाठी मी अनेक अधिवेशनं सभागृहात ओरडत होतो. ज्या दिवशी मंत्र्यांनी ते मांडलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. होळी जवळ आली होती. मी मुंबईहून निघालो तो थेट बाजार गाठायला.

पहिला बाजार विसरवाडीचा. तिथे मी सगळं नियमाने केलं. आधी ढोल, मग लग्नाचा दाखला देऊन सगळं नीट समजावलं: मागणी झाली आहे, नवरी अजून घरात आलेली नाही, तोवर कागदावर अंगठा देऊ नका, सावध राहा. लोकांनी ऐकलं आणि ते घरी गेले.

दुसरा बाजार नवापूरचा. होळीचा बाजार, पाय ठेवायला जागा नाही. त्या दिवशी माझी गाडी दोन तास उशिरा आली. मी चिंचेखाली पोचलो तेव्हा लोक गूळ, डाळ्या, साखरेच्या माळा घेऊन घरी निघायला लागले होते. दित्यादादाचा पत्ता नव्हता. मी तसाच एका बैलगाडीवर चढलो आणि बोललो. लग्न, मागणी, हळद, सगळं विसरलो. आनंदात होतो, गर्दी होती, आवाज चढला होता. म्हणालो, आता ठेकेदाराला तुमच्या झाडाला हात लावता येणार नाही, सरकार मोजेल, सरकार किंमत ठरवेल, तुमचं झाड तुमचं. एवढ्यात दित्यादादा घामाघूम होऊन आला. उरलेल्या लोकांना थांबवावं म्हणून मी त्याला हात केला. त्याने ढोल वाजवला. होळीचे दिवस, त्याचाही हात मोकळा सुटला होता. चांगला वाजवला.

बोलण्याच्या नंतर ढोल. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी त्याच रिवाजात वाढलो. ढोलावर टिपरी पडली तेव्हाच मला ते कळलं, पण गाडीवरून उतरून मी लोकांना मिठ्या मारायला लागलो.

होळीनंतर आठवड्याभरातच निरोप आला की बोरपाड्याला गडबड झाली आहे, मास्तरने यावं. मी सायकल काढली.

बोरपाड्याला सेगीबाई म्हणून एक विधवा बाई होती. वय साठीच्या पुढे, पण डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन माझ्या सायकलच्या पुढे चालेल अशी. आम्ही तिला याहा म्हणायचो; आमच्याकडे आईला याहा म्हणतात. तिच्या बांधावर तेवीस साग होते. नवऱ्याने जपलेले, दोन नातवांच्या घरांच्या खांबांसाठी राखलेले. नवरा मरायच्या आधीच्या वर्षी ठेकेदाराने त्याच्याकडून दोन झाडांची बोली करून अंगठा घेतला होता. कागदावर अर्थातच सगळी झाडं. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं चांगली निघाली, माझ्या नातवाबरोबर शिकली. त्यांना सगळे शेठ म्हणायचे, मीही शेठच म्हणतो.

मी पोचलो तर झाडं उभी होती. खाली शेठचे चार लाकूडतोडे निवांत भाकर खात बसले होते, तेही आमच्यातलेच, सीमेपलीकडच्या गावचे. त्यांच्याजवळ एकही कुऱ्हाड नव्हती.

कुऱ्हाडी याहाच्या कणगीत होत्या. ती त्या गोळा करून घेऊन गेली आणि चौघांपैकी एकानेही तिला अडवलं नाही. का, असं मी त्यांना विचारलं. थोरला म्हणाला, ढोल वाजलाय असं म्हणतात, मग आम्ही कसं तोडणार? शेठला राग येईल, पण शेठ काही आमच्या मयताला खांदा द्यायला येणार नाही.

मी याहाकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, याहा, कायदा अजून झालेला नाही. नुसतं विधेयक मांडलंय.

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ढोल वाजला की नाही?"

"वाजला."

"तू आधी बोललास की नंतर?"

"आधी."

"मग झाला," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी पुढे खूप बोललो. समिती, वरचं सभागृह, राज्यपाल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमच्या मुंबईत काय काय राहिलंय ते तुम्ही सगळे उरका, इथलं झालंय. चार दिवसांनी पोलीस कुऱ्हाडी मागायला आले तेव्हा तिने त्या मुकाट्याने दिल्या. फक्त पाती. दांडे चुलीत गेले होते.

हळूहळू मला बातम्या यायला लागल्या. बोरपाडाच नव्हे, नवापूरच्या बाजाराला येणाऱ्या सगळ्या पाड्यांवर कुऱ्हाड थांबली होती. शेठने मजूर बदलून पाहिले, लांबून आणले. येणारा मजूर आधी विचारायचा, ढोल परत वाजला का? नाही म्हटलं की बसून राहायचा. झाड विकत घेणारा कुणी असो, पाडणारे हात आमचेच होते, हे मुंबईतल्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

शेठ मला भेटायला घरी आले. चांगले बोलले. चहा घेतला. जाताना म्हणाले, "मास्तर, मन्हा कुऱ्हाडीस्नी धार तुम्हनी जीभमुळे गई. आते तुम्हीच लावा." मी म्हटलं, शेठ, कायदा होऊ द्या, मग झाडं सरकारमार्फत घ्या, योग्य किमतीत घ्या, मीच ढोल वाजवतो. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तक्रार केली. आमदाराने अस्तित्वात नसलेला कायदा जाहीर करून लोकांना चिथावलं.

प्रांतसाहेब तरुण होते, सरळ होते. मला अजून त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांनी मला कचेरीत बसवलं आणि विचारलं, "आमदारसाहेब, असा कायदा आज आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग तुम्ही ज्या जागी आणि ज्या रीतीने जाहीर केला, त्याच जागी आणि त्याच रीतीने मागे घ्या. नाहीतर मला वर लिहावं लागेल." शेठने त्यांना रिवाज समजावून दिला होता, हे उघड होतं. जन्म आमच्यात गेला होता शेठचा.

त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही, हे कबूल करतो. मी मास्तर होतो. पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि आता निम्म्या तालुक्याला वाटत होतं की जो कायदा नाही तो आहे. दुसरीकडे मला ठाऊक होतं की मी बोलून परत ढोल वाजवला, तर त्याच दिवशी संध्याकाळच्या आत याहाचे तेवीस साग आडवे होतील, आणि तिचेच नाहीत, सगळ्यांचे.

बाजाराचा दिवस आला. चिंचेखाली प्रांतसाहेब खुर्चीवर, बाजूला दोन पोलीस, शेठ, आणि समोर माणसांचा समुद्र. सेगीबाई अगदी पुढे बसली होती. दित्यादादा ढोल गळ्यात अडकवून माझ्याकडे बघत होता.

मी बोललो. एक शब्द खोटा बोललो नाही. म्हटलं, होळीच्या बाजारात मी घाईत बोललो आणि अर्धंच बोललो. कायदा झालेला नाही. विधेयक मांडलंय, म्हणजे मागणी झाली आहे. पंच बसायचे आहेत, मामाला विचारायचं आहे, हळद लागायची आहे. नवरी घरात आलेली नाही. मला यायला उशीर झाला म्हणून मी चुकलो, मला माफ करा.

शेठ प्रांतसाहेबांकडे बघून हसले.

मग मी म्हटलं, आता मला एक सांगा. मागणी झालेल्या पोरीचा हात दुसऱ्याने धरायचा, असा आपल्यात रिवाज आहे का?

पुढच्या रांगेतून सेगीबाई म्हणाली, "नाही."

मग मागून, बाजूने, सगळीकडून, नाही, नाही. ओरडले नाहीत. नुसते म्हणाले. पण त्या 'नाही'ने चिंचेवरचे बगळे उडाले.

प्रांतसाहेबांनी खूण केली, आता ढोल. दित्यादादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, जे खरं ते मी सांगितलं. त्यात मागं घेण्यासारखं काही उरलं असेल तर दाखवा. ढोल मी आता एकदाच वाजवीन, राजपत्र हातात आल्यावर. त्याआधी वाजवायचा असेल तर तुम्ही वाजवा." साहेबांनी ढोलाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, खुर्चीवरून उठले आणि जीपमध्ये बसले. दित्यादादाने टिपऱ्या कमरेला खोचल्या.

त्यानंतर मी सभागृहात कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. विधेयक चिकित्सा समितीत गेलं आणि तिथे पडून राहिलं. लाकडाचा धंदा सगळ्याच पक्षांच्या ओळखीचा असतो. एक मंत्री मला हसत म्हणाले, मास्तर, तेवीस झाडांसाठी किती त्रास देता? मी म्हटलं, साहेब, तुम्ही उरकून टाका, आमच्याकडे नवरी मागणीवर म्हातारी व्हायला लागली आहे. त्यांना काही कळलं नाही. पावसाळ्यात रंगावली नदीला पूर आल्यामुळे गाड्या बंद, तेवढाच आम्हाला श्वास मिळाला. दसऱ्यानंतर शेठचे मुकादम पुन्हा पाड्यांवर फिरायला लागले. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर: मागणी झाली आहे.

आता ज्या गोष्टीचा मला खरा सल आहे ती लिहितो. लपवली तर हा लेख खोटा ठरेल. विसरवाडीच्या बाजारात मी सगळं नियमाने केलं होतं ना? आधी ढोल, नंतर बोलणं, प्रत्येक पायरी समजावून, कुठे चूक नाही. त्या बाजूच्या पाड्यांवरचा मालकीचा साग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत गेला. शेठने तिकडेच सगळे मजूर वळवले. लोकांनी मला काही बोल लावला नाही. म्हणाले, मास्तर, तूच सांगितलंस की अजून काही ठरलेलं नाही. मी तिथे गेलो तेव्हा बांधावर नुसते बुंधे होते, ताजे, ओले. जिथे मी शहाण्यासारखा बोललो तिथे बुंधे उरले, आणि जिथे चुकलो तिथे झाडं. कायद्याच्या अभ्यासकांनी याचं काय करायचं ते करावं. मी त्या बुंध्यांवर बसून रडलो, एवढंच मला माहीत आहे.

नागपूरच्या अधिवेशनात विधेयक पास झालं. मामाने होकार दिला, हळद लागली, आणि पुढच्या होळीला महिनाभर असताना राजपत्र माझ्या हातात पडलं. त्याच सुमारास कळलं की पुढच्या निवडणुकीत पक्ष माझ्याऐवजी 'समजूतदार' उमेदवार देणार आहे. देवो. मी दित्यादादाला बरोबर घेतलं आणि आधी बोरपाड्याला गेलो. अकरा महिने ढोल राखून ठेवला होता, तो पहिल्यांदा याहाच्या बांधावर वाजवायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं.

तेवीसच्या तेवीस उभे होते. मी मोजले. ती बांधावर शेळ्या राखत होती. मी तिला राजपत्र दाखवलं आणि म्हटलं, याहा, नवरी घरात आली. दित्यादादाने टिपऱ्या काढल्या.

"थांब," ती म्हणाली. "ढोल कशाला?"

"कायदा झाला म्हणून."

"तो वाजलाय. एका गोष्टीला दोनदा ढोल वाजवतात का?"

दित्यादादाने टिपऱ्या परत खोचल्या. मग ती म्हणाली, आणलाच आहेस कागद तर वाच, काय लिहिलंय ते ऐकू. मी झाडाखाली बसलो आणि एकेक कलम आमच्या बोलीत सांगत गेलो. ती मान डोलावत होती, जसं काही आपणच पाठवलेलं पत्र परत वाचून घेत होती. मी सांगितलं की हा कायदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून लागू होईल, तेव्हा तिने हात वर केला.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "होळीपासून लागू आहे. नीट कर."

म्हटलं, याहा, छापलेल्या राजपत्रात कुणालाही काही बदलता येत नाही. आमदाराला नाही, मंत्र्याला नाही. त्यासाठी पुन्हा दुरुस्तीचं विधेयक आणावं लागतं.

ती माझ्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिली.

मी पेन काढलं, तारखेच्या ओळीवर काट मारली आणि समासात लिहिलं, 'होळीपासून'. खाली सही केली. तिने बोटाला शाई मागितली आणि माझ्या सहीशेजारी अंगठा उठवला. त्या घराण्याचा हा दुसरा अंगठा, आणि या वेळी कागदात काय लिहिलंय ते तिला पुरतं माहीत होतं.

ती प्रत आजही माझ्याजवळ आहे. ज्याला ती बेकायदेशीर वाटत असेल त्याने बोरपाड्याला जाऊन तसं सांगावं. ढोल बरोबर न्यावा.